बोर्ड मेला म्हणण्याआधी

जालन्यात मोबाईल दुरुस्तीची दुकानं पावलोपावली सापडतील, पण रास्पबेरी पाय पुढे केला तर बहुतेक दुकानदार हात जोडतील. शाळेतल्या टिंकरिंग लॅबमधला, पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टमधला किंवा मोसंबीच्या बागेत ओलावा मोजायला बसवलेला हा तळहाताएवढा कॉम्प्युटर चालू झाला नाही, की नवशिका थेट नव्या बोर्डाची ऑर्डर देऊन मोकळा होतो. एवढी घाई नको. बोर्ड सहसा मरत नाही. दोष बहुतेक वेळा विजेत किंवा मेमरी कार्डात असतो.

आपण २०१९ साली आलेला पाय ४ समोर ठेवू. त्यावर दोन बारीक दिवे आहेत. लाल दिवा विजेचा, हिरवा कार्डावर वाचणं-लिहिणं चालू असल्याचा. लाल दिवा मधूनच विझत असेल, तर बोर्डापर्यंत ४.६३ व्होल्टपेक्षा कमी दाब पोचतो आहे. स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्हही उमटतं.

याचं खापर लगेच गावाच्या लाईटवर फुटतं. संध्याकाळी पंखा मंदावतो, म्हणजे पायही त्यामुळेच अडखळत असणार! पण चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर पाच व्होल्टच सोडतो. घट होते केबलमध्ये. मोबाईलच्या लांब, बारीक केबलचा जाता-येता मिळून ०.२ ओहम रोध धरा. बोर्डाने २ अँपिअर ओढले की वाटेतच ०.४ व्होल्ट गेले. निघाले ५, पोचले ४.६. अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा असतो तो यासाठीच, आणि त्याची केबलही त्यालाच जोडलेली असते. माझ्या मते पहिला खर्च त्याच्यावर करावा. सुंदर डबी, पंखा वगैरे नंतर.

लाईट अचानक जाणं मात्र खरंच घातक. त्या क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी बोर्ड उठत नाही. हिरवा दिवा काय सांगतो ते बघा. चार-चार वेळा लुकलुकत असेल तर सुरुवातीची स्टार्ट फाईल सापडत नाही. सात वेळा असेल तर कर्नल सापडत नाही. दोन्हींचा अर्थ एकच, कार्ड नव्याने लिहा. कार्ड विंडोजमध्ये घातल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं जातं. तिथे ‘नाही’ म्हणा. कार्डाचा मोठा भाग लिनक्सच्या पद्धतीचा असतो, तो विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. आतल्या नोंदी हव्या असतील तर आधी लिनक्सवर काढून घ्या आणि मग रास्पबेरी पाय इमेजरने कार्ड लिहा. युजरनेम आणि पासवर्ड तिथेच ठरवा. जुन्या व्हिडिओंत सांगितलेला तयार पासवर्ड एप्रिल २०२२ पासून बंद झाला आहे.

तरी स्क्रीन काळीच? केबल यूएसबी-सीच्या शेजारच्या एचडीएमआय खाचेत आहे ना, ते बघा. मग कार्ड काढून नुसती वीज द्या. नव्या बूटलोडरचा बोर्ड धडधाकट असेल तर स्क्रीनवर निदानाचा मजकूर येतो. अडॅप्टर-केबल बदलूनही लाल दिवासुद्धा लागत नसेल, तर ४० पिनांवर कुठे ५ व्होल्टची तार टेकली होती का ते आठवा. सेन्सरच्या पिना ३.३ व्होल्टच्याच असतात. तिथे ५ व्होल्ट गेले असतील तर मात्र बोर्ड खरंच गेला असू शकतो.

बोर्ड चालतो, पण मे महिन्यात दुपारी रेंगाळतो? जालन्याच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बंद प्लॅस्टिकची डबी म्हणजे भट्टीच. चिप ८० अंशांवर गेली की बोर्ड स्वतःच वेग कमी करतो. डबीचं झाकण काढा आणि धातूचा हीटसिंक लावा.

आणि बागेतल्या नोंदींच्या वेळा चुकत असतील तर सेन्सरला दोष देऊ नका. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट आली पण इंटरनेट आलं नाही, तर तो बंद पडण्याच्या सुमाराची वेळच पुढे मोजत राहतो. पिनांवर बसणारं डीएस३२३१ घड्याळ लावून सेटिंगमध्ये चालू करा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.