मोबाइल ॲपमधील डायलॉग आणि त्याची पारदर्शक पार्श्वभूमी

मोबाइल ॲप हाताळीत असता मूळ पडद्यावर अवचित पुढे येणारी, काही विचारणारी वा बजावणारी जी लहान चौकट, तिला व्यवहारात डायलॉग अथवा पॉप-अप असे म्हणतात. या चौकटीमागील पार्श्वभूमी पारदर्शक कशी करावी, हा प्रश्न ॲप-रचनेच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. एका ओळीच्या कोडने तो सुटतो, असा समजही रूढ आहे. ओळ एकच आहे हे खरे. तथापि ती कोठे लिहावयाची, केव्हा लिहावयाची आणि तिच्यामागून काय काय ओढले जाते, हे न कळल्यामुळे याच ठिकाणी पुष्कळांचा वेळ खर्ची पडतो. या प्रश्नाचा दुसरा भाग तर कोडचा नसून डोळ्यांचा आहे. चौकटीत लिहिलेली अक्षरे ज्याला वाचावयाची आहेत, तो वाचक कोठे उभा आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

परभणी जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हा वाचक पुष्कळदा शेतात उभा असतो. महाराष्ट्र शासनाचा ई-पीक पाहणी हा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला आणि पूर्वी तलाठ्याने करावयाची पीकनोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, पिकाच्या छायाचित्रासह करावी, अशी व्यवस्था आली. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या सहभागाने २०१९ मध्ये निघालेले 'मेघदूत' ॲप जिल्हावार कृषी-हवामान सल्ला देते. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे आहे. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ असल्याने शेतीविषयक सल्ला हा येथील अभ्यासाचा जुनाच विषय. आता तो सल्ला हातातील काचेवर उतरला आहे. सेलू किंवा मानवत तालुक्यात कपाशीच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसास 'ही नोंद कायम करावयाची काय?' असे जी चौकट विचारते, ती उन्हात वाचता आली पाहिजे. पारदर्शकतेचा विचार या कसोटीवर केला म्हणजे त्यातील क्षुल्लकपणा नाहीसा होतो.

प्रथम कोडची बाजू पाहू. भारतातील बहुसंख्य मोबाइल संच अँड्रॉइडवर चालतात, म्हणून मुख्य विवेचन त्याच प्रणालीचे आहे. नवशिका रचनाकार डायलॉगसाठी गोल कोपऱ्यांचा एक सुबक लेआउट तयार करतो आणि ॲप चालवून पाहतो. कोपरे गोल दिसतात खरे, पण त्या गोलाईबाहेर चार पांढरे त्रिकोणी तुकडे उरलेले असतात. मग तो लेआउटच्या मुळाशी पारदर्शक रंग देतो. तुकडे जात नाहीत. कारण ते लेआउटचे नाहीतच.

अँड्रॉइडमध्ये डायलॉग हा मूळ पडद्याचा भाग नसतो. त्याची स्वतंत्र विंडो असते, आणि या विंडोला थीमकडून आलेली स्वतःची पार्श्वभूमी असते. रचनाकाराचा लेआउट त्या पार्श्वभूमीवर ठेवला जातो, जसे पाटावर ताट ठेवावे. ताट गोल केले म्हणून चौकोनी पाटाचे कोपरे झाकत नाहीत. यास्तव उपाय विंडोवर करावा लागतो. त्याचे मार्ग दोन आहेत : एक, डायलॉगच्या स्टाइलमध्ये 'विंडोबॅकग्राउंड' या गुणधर्मास पारदर्शक रंग देणे, दुसरा, कोडमध्ये डायलॉगची विंडो मागवून तिच्या 'सेटबॅकग्राउंडड्रॉएबल' या कृतीस पारदर्शक रंगाचा ड्रॉएबल देणे. ॲपमधील सर्व डायलॉग एकाच घाटाचे असतील तर पहिला मार्ग श्रेयस्कर होय. दहा ठिकाणी तीच ओळ लिहिणे ही पुढे दहा ठिकाणी दुरुस्ती करण्याची तरतूद आहे. डायलॉगफ्रॅगमेंट वापरीत असल्यास ही ओळ 'ऑनक्रिएट'मध्ये लिहून चालत नाही, कारण त्या क्षणी डायलॉगच जन्मास आलेला नसतो.

येथवरचे बहुतेकांस ठाऊक असते. पुढील परिणाम मात्र अनपेक्षित असतात. मटेरियल थीममधील डायलॉगची मूळ पार्श्वभूमी केवळ रंग नसून चहूबाजूंनी आत सरकवलेला आकार असतो, आणि पडद्याच्या कडेपासून चौकट जी अंतरावर दिसते ती या सरकवणुकीमुळे. पार्श्वभूमी काढताच हे अंतर जाते आणि पूर्ण रुंदीची चौकट काचेच्या कडेस जाऊन भिडते. सावलीही जाते, कारण विंडोची सावली तिच्या पार्श्वभूमीच्या बाह्यरेषेवरून पडते आणि पारदर्शक वस्तूस सावली नसते. अंतर व सावली ही दोन्ही मग लेआउटमध्ये नव्याने आणावी लागतात. रुंदी ठरविणारी 'सेटलेआउट' ही कृती 'सेटकंटेंटव्ह्यू'नंतरच करावी. आधी केल्यास तरंगत्या विंडोची मापे प्रणाली पुन्हा आशयाएवढी आकसून टाकते. आणखी एक गोष्ट स्पर्शाची. विंडो पूर्ण रुंदीची केली की तिच्या पारदर्शक पट्ट्यावर टेकलेले बोट प्रणालीच्या दृष्टीने विंडोच्या आतच असते. 'बाहेर स्पर्श केला तरी चौकट मिटत नाही' अशी जी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. डोळ्यास जे बाहेर, ते विंडोच्या हिशेबी आत.

पॉपअपविंडो या निराळ्या वर्गात तर रिक्त आणि पारदर्शक यांतील भेद फारच ठळक होता. अँड्रॉइड ६.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तिची पार्श्वभूमी 'नल', म्हणजे अजिबात नाही, अशी ठेवली तर बाहेरील स्पर्शाने वा मागे जाण्याच्या बटणाने ती मिटत नसे. कारण त्या दोहोंची दखल घेणारे वेष्टण पार्श्वभूमी असेल तरच तयार होई. पारदर्शक रंगाची पार्श्वभूमी दिली की काम होई. दिसण्यात दोन्ही सारखीच. पण एकीत काहीच नाही आणि दुसरीत न दिसणारे काहीतरी आहे. न्यायशास्त्राचा अभाव आणि अदर्शन यांतील विवेक येथे कोडमध्ये अवतरला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता एका सार्वत्रिक गोंधळाकडे वळू. 'पार्श्वभूमी पारदर्शक' या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन भिन्न गोष्टी मागितल्या जातात. विंडोची पार्श्वभूमी ही पहिली. तिचा विचार झाला. डायलॉग उघडताच मागील पडदा काळवंडतो, ती दुसरी. हा काळिमा विंडोच्या पार्श्वभूमीत नसतो. 'डिम बिहाइंड' या खुणेवरून प्रणाली तो डायलॉगच्या मागे पसरते, आणि त्याची गडदता ० ते १ या मापाने ठरते. विंडो पारदर्शक करून तो जात नाही आणि तो काढल्याने विंडो पारदर्शक होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण व्ह्यूचा अल्फा कमी करणे. हा बहुधा चुकीचा मार्ग होय, कारण त्यामुळे पार्श्वभूमीबरोबर अक्षरे, बटणे, चित्रे ही सारीच फिकी पडतात. पार्श्वभूमीच्या रंगाचा अल्फा आणि व्ह्यूचा अल्फा ही दोन निराळी राज्ये आहेत. विद्यार्थ्याने प्रश्न विचारण्यापूर्वी आपणास या तिहींपैकी काय हवे ते ठरवावे. अर्धे उत्तर तेथेच मिळते.

डायलॉगऐवजी आख्खी ॲक्टिव्हिटीच चौकटीसारखी दाखवावयाची असेल तर केवळ पारदर्शक रंग पुरत नाही. 'विंडोइजट्रान्सल्यूसेंट' हा गुणधर्म सत्य केला नाही तर प्रणाली ती ॲक्टिव्हिटी अपारदर्शक समजते, खालची रंगविण्याचे सोडून देते, आणि पारदर्शकतेच्या जागी काळोख दिसतो. २०१७ मधील अँड्रॉइड ८.० मध्ये आणखी एक अडचण होती : अशा अर्धपारदर्शक ॲक्टिव्हिटीस उभी वा आडवी दिशा नेमून दिलेली असल्यास ॲप अपवाद फेकून बंद पडू शके. ८.१ मध्ये ती दूर झाली. आयओएसवर काळोखाचा हाच प्रकार घडतो. तेथे पूर्ण पडद्याच्या सादरीकरणात खालचा व्ह्यू काढून टाकला जातो, म्हणून 'ओव्हरफुलस्क्रीन' ही शैली निवडावी लागते. रिॲक्ट नेटिव्हच्या मोडलमध्ये 'ट्रान्सपरंट' हा गुण मुळात असत्य असतो, तर फ्लटरमध्ये मागील पडद्याचा रंग ५४ टक्के काळा धरलेला असतो. नावे वेगळी, मागचा विचार एक.

तो विचार गणिती आहे. संगणकातील रंगाच्या लाल, हिरवा, निळा या तीन घटकांस चौथा घटक जोडला जातो तो अल्फा. ही कल्पना १९७७ च्या सुमारास न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ यांनी मांडली. पुढे १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी प्रतिमांच्या संयोगाचे बीजगणित एका निबंधात सिद्ध केले, आणि अँड्रॉइडमधील एका वर्गास त्या दोघांचेच नाव आहे. वरच्या थराचा अल्फा 'अ' असेल तर दिसणारा रंग म्हणजे वरच्या रंगाची 'अ' पट आणि खालच्या रंगाची (१ − अ) पट यांची बेरीज. अँड्रॉइडमध्ये रंगाच्या ३२ बिटांपैकी वरची ८ बिटे अल्फाची असल्याने त्याचे मूल्य ० ते २५५ असते. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक.

हे सूत्र वापरून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पांढऱ्या पडद्यावर काळा थर पसरून त्यावर थेट पांढरी अक्षरे लिहिली, अशी कल्पना करा. थर ५० टक्के असेल तर मागचा रंग २५५ पैकी सुमारे १२८ इतका करडा होतो आणि वेब-सुगम्यतेच्या प्रचलित सूत्राने अक्षर व पार्श्वभूमी यांचे तेजोगुणोत्तर सुमारे ३.९८ भरते. सामान्य आकाराच्या अक्षरांस किमान ४.५ हवे, असा त्या मार्गदर्शनाचा दंडक आहे. म्हणजे ५० टक्क्यांचा थर नापास. थर ६० टक्के केला तर करडा रंग १०२ वर उतरतो आणि गुणोत्तर ५.७४ होते. दहा टक्क्यांचा हा फरक डोळ्यास किरकोळ वाटतो, वाचनास नाही. मागील पडद्यावर छायाचित्र असेल, आणि पीकनोंदीत ते असतेच, तर पार्श्वभूमी एकसारखी राहत नाही व गुणोत्तर जागोजागी बदलते. मग कोणताही एक आकडा सांगण्यात अर्थ उरत नाही.

हा सारा हिशेब खोलीतला झाला. बाहेर काचेवरून परतणारा उजेड अक्षर व पार्श्वभूमी या दोहोंत सारखाच मिसळतो आणि गुणोत्तर खाली ओढतो. समजा, पडद्याची कमाल दीप्ती ५०० निट आहे, झाडाच्या सावलीत १०,००० लक्स उजेड आहे आणि काच त्यातील ५ टक्के उजेड विखरून परतवते. परतलेली दीप्ती सुमारे १५९ निट येते. निखळ पांढऱ्या व निखळ काळ्या रंगाचे गुणोत्तर मग सुमारे ४.१ उरते, आणि ६० टक्के थरावरील पांढऱ्या अक्षरांचे अवघे २.९. उघड्या उन्हात उजेड १,००,००० लक्सपर्यंत जातो. तेथे निखळ काळे-पांढरेही सुमारे १.३ वर येते आणि वाचक आपसूकच तळहाताची सावली धरतो. वैशाखातील परभणीचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा आकडा समजावून सांगण्याचे कारण नाही.

देवनागरीचा प्रश्न यात वेगळा आहे. शिरोरेखा आडवी, आणि मागील पडद्यावरील यादीच्या वा तक्त्याच्या रेषाही आडव्या. अर्धपारदर्शक चौकटीतून त्या रेषा झिरपल्या की ओळ कोठली व रेघ कोठली हे ओळखण्यास क्षणभर थांबावे लागते. अनुस्वाराचा टिंब, उकार आणि दशांशचिन्ह ही सर्वांत आधी हरवतात. क्षेत्राची नोंद हेक्टर-आर यांत होते, तेथे ०.८० आणि ०.०८ यांतील भेद, किंवा दशांशचिन्ह न दिसल्याने होणारा घोटाळा, हा टंकनदोष म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पीकनोंदीचा आधार पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने खरेदी यांसाठी घेतला जातो. चौकटीत 'होय' दाबणाऱ्याने काय मान्य केले, ते त्यास नीट दिसले होते की नाही, हा प्रश्न मग हिशेबाचा होतो.

म्हणून पारदर्शक करावयाची ती विंडो. अक्षरे ज्यावर बसतात ते कार्ड नव्हे. विंडोची पार्श्वभूमी पूर्ण पारदर्शक, तीत गोल कोपऱ्यांचे पूर्ण अपारदर्शक पांढरे कार्ड, त्यावर काळी अक्षरे, आणि मागे प्रणालीचा काळिमा, ही मांडणी दिसण्यात साधी असली तरी वरील दोन्ही हिशेबांत टिकते. मागील पडदा धूसर करण्याची जी हौस अलीकडे दिसते तिच्यासाठी २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये विंडोमागील धूसरतेची सोय पुन्हा आली आहे. पण ती प्रत्येक संचावर उपलब्ध नसते आणि बॅटरी-बचतीच्या वेळी प्रणाली ती बंदही करू शकते. तशी ती बंद आहे काय, हे कोडमध्ये विचारून घ्यावे लागते, आणि असल्यास काळिम्याची गडदता वाढवावी लागते. स्वस्त संचावर प्रत्येक पारदर्शक थर म्हणजे त्याच बिंदूंचे पुन्हा एकदा रंगकाम होय; दोन-तीन थरांनंतर चौकट उघडताना ती अडखळू लागते. प्रयोगशाळेतील नव्या संचावर हे दिसत नाही. चाचणीसाठी चार-पाच वर्षांपूर्वीचा संच घ्यावा, त्याची उजळता निम्म्यावर ठेवावी आणि दुपारी बाराच्या सुमारास इमारतीबाहेर जाऊन चौकटीतील आकडे दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचवून घ्यावेत.