बांधावरचा गवती चहा आणि घरचा काढा



गळीत हंगाम सुरू झाला की थंडी पडते आणि घरोघर सर्दी-खोकला सुरू होतो. मग घरातील म्हातारी माणसे गवती चहा, आले, तुळस, अडुळसा यांची आठवण काढतात. हे उपाय आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आले आहेत आणि साध्या पडशाला उपयोगीही पडतात. परंतु पूर्वीचा बांध आणि आजचा बांध यांत फरक पडला आहे. त्याबद्दल थोडे लिहावे असे वाटले, याला कारण आमच्याच घरी घडलेला एक प्रकार.

दोन वर्षांमागची गोष्ट. पावसाची झड लागली होती. आईने नातवाला सांगितले, "जा रे, बांधावरनं चार पाती गवती चहा घेऊन ये." पोरगं भिजत जाऊन घेऊन आलं. चहा उकळत असताना आमचा गडी दारात आला अन् म्हणाला, "मालक, त्या बाजूला परवा औषध मारलंय. सरीबरोबर बांधपण घेतला की." पातेले तसेच मोरीत ओतले. पाती बघितली तर हिरवीगार, कुठे डाग नाही. आठवडाभराने मात्र तो सगळा ठोंब पिवळा पडून वाळून गेला.

उसातील तणासाठी आपण सगळेच आता तणनाशक वापरतो. मजूर मिळत नाहीत, त्याला इलाज नाही. पण यातील काही औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती पानातून आत शिरून मुळापर्यंत जातात. पान धुतले तरी आत गेलेले औषध निघत नाही आणि चार-आठ दिवस पान दिसायला चांगलेच दिसते. शिवाय वाऱ्याने शेजारच्या पंपाचे तुषार आपल्या बांधावर येतात ते निराळेच. म्हणून औषधी पाला उसाच्या बांधावरून आणणे आता बंद करावे आणि ही चार झाडे परड्यात, घराच्या मागे लावावीत.

त्याला फार जागा लागत नाही. गवती चहाचे बी धरत बसू नये, ठोंब फोडून फुटवे लावावेत. पावसाळ्याच्या तोंडाला लावले की दिवाळीपर्यंत कापायला येतो. कापताना जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे, म्हणजे पुन्हा जोमाने फुटतो. दोन-तीन वर्षांनी ठोंब दाटला की उपटून, फोडून नव्याने लावावा. अडुळसा फांदीच्या छाटाने येतो. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी तो कुंपणाला लावला. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिल्या तर पाला भरपूर मिळतो. आले मे-जूनमध्ये लावून वर उसाचे पाचट अंथरावे. पाचट जाळण्यापेक्षा हे बरे!

चहा करण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. गवती चहा आणि तुळस यांचा गुण त्यांच्या वासाच्या तेलात असतो आणि ते वाफेबरोबर उडून जाते. म्हणून आले आधी उकळावे, पाती शेवटी टाकावीत आणि झाकण ठेवून पाच मिनिटे मुरू द्यावे. गूळ घालायचा तर भांडे खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटते. (साखर कारखान्याच्या पत्रिकेत गुळाचे नाव घेतले म्हणून संपादकांनी रागावू नये!) मधुमेह असलेल्यांनी गूळ चालतो या भ्रमात राहू नये. साखरेने वाढते तशीच गुळानेही रक्तातील साखर वाढते.

अडुळशाचे मात्र तसे नाही. तो नुसता चहा नव्हे, ते औषधच आहे. त्यातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे खोकल्याच्या औषधातील ब्रोमहेक्सिन तयार झाले. कफ पातळ होऊन सुटतो हा अनुभव खरा आहे. पण याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा काढा अजिबात देऊ नये. कडू लागतो म्हणून मधातून देतात, परंतु वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवणेही धोक्याचे असते.

गुळवेलीविषयी सांगितलेच पाहिजे. 2020 साली कोरोनाच्या काळात ज्याने त्याने गुळवेलीचा काढा महिनोन् महिने घेतला. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत काविळीने आजारी पडलेल्या अशा सहा रुग्णांची माहिती तेथील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. यावर वाद झाला. 2022 मध्ये आयुष मंत्रालयाने खुलासा केला की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक वेल आहे, ती घेऊ नये. त्या वेलीच्या खोडावर दाट पुटकुळ्या असतात. खऱ्या गुळवेलीची साल पातळ पापुद्र्यासारखी सुटते आणि आडवा काप चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो. वाद कोणाचाही खरा असो, ओळख पटल्याशिवाय वेल तोडू नये. पटली तरी वैद्यांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. साखरेची गोळी चालू असणाऱ्यांनी तर नाहीच. सदाफुलीची पाने-फुले मधुमेहावर म्हणून खाणारेही आपल्या गावांत आहेत. त्या झाडापासून कर्करोगावरची कडक औषधे काढतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आणखी एक. तोडणीच्या दिवसांत धूळ, धूर, पहाटेची थंडी, त्यामुळे खोकला अंगावर काढण्याची आपल्याला सवय झाली आहे. "काढा घेतोय, बघू" म्हणत महिना जातो. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा थुंकीतून रक्त पडले, तर काढ्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कोपीवर राहणाऱ्या तोडणी कामगारांनाही मुकादमांनी हे आवर्जून सांगावे. त्यांना कोणी सांगत नाही.

आमचा बांधावरचा ठोंब गेला, पण शेजाऱ्यांकडून चार फुटवे आणून मोरीपासून लांब, विहिरीच्या पाण्यावर लावले आहेत. आता ते चांगले दाटले आहेत. येत्या पावसाळ्याला फोडणार आहे. गटातील ज्या सभासदांना हवे असतील त्यांनी मृगाच्या सुमारास घरी येऊन घेऊन जावेत. येताना ओले पोते आणावे, मुळ्या वाळत नाहीत.