फुल्यांची जाळी आणि उरलेली लोकर

रात्रीची जेवणे आटोपली, की पूर्वी अनेक मध्यमवर्गीय घरांत लोकरीची पिशवी बाहेर निघत असे. बाळंतविड्यातील टोपरे-मोजे असोत वा रुखवतातील मॅटीवरचे मोर, हे काम हौसेचे म्हटले जाई. प्रत्यक्षात ते बरेचदा परीक्षेचे असे. मुलीच्या हातचे कसब पाहुण्यांसमोर मांडले जाई. आज विरंगुळ्यासाठी सुई हाती घेणाऱ्यांपुढे ना मुदत असते, ना परीक्षक. तरीही अनेकांचे पहिले काम अर्धवट राहते. कारण बहुधा एकच: आवाका चुकतो.

हिशेब साधा आहे. इंचाला १४ चौकटी असलेल्या कापडावर पाच इंच लांबी-रुंदीचे भरगच्च चित्र भरायचे, तर ७० गुणिले ७० म्हणजे ४,९०० फुल्या घालाव्या लागतात. लांबी-रुंदी दुप्पट केली, की फुल्या १९,६०० होतात. विसावा म्हणून घेतलेले काम मग डोक्यावरचे ओझे होते. नवख्यांनी तळहाताएवढी, मोकळ्या पार्श्वभूमीची नक्षी निवडावी. लडीतील दोरा सहा पदरी असतो. अशा कापडावर त्याचे दोनच पदर पुरतात. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतल्यास गुंततो. सर्व फुल्यांची वरची तिरकी रेघ एकाच दिशेला झुकली, की काम नीटस दिसते.

या मोजणीतच विश्रांतीचे रहस्य आहे. हात एका लयीत फिरतो आणि मन आकड्यांत गुंतते. एकाच शब्दाच्या वा कृतीच्या पुनरावृत्तीने शरीर शिथिल होते, हा विचार अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात, त्यांना अधिक शांत वाटते, असा कल त्यात दिसला. अर्थात उत्तरे देणारे सारे या छंदाचे चाहतेच. त्यामुळे त्याकडे औषधाच्या चाचणीसारखे पाहू नये. मान खाली घालून तासन् तास बसल्यास मान-खांदे आखडतात, तेव्हा अधूनमधून उठावे.

उरलेल्या लोकरीचा एक वेगळाच फायदा आहे. ती मुळातच शिल्लक असल्याने बिघडण्याची धास्ती नसते. सर्व ओळी सुलट विणून लहान चौकोन करावेत आणि पुरेसे जमले की जोडावेत. आपल्याकडची गोधडी याच न्यायाने वाढते. शिवाय मुंबईच्या उकाड्यात मांडीवर अख्खी शाल बाळगण्यापेक्षा चौकोन बरा! मात्र एका कामात एकाच जाडीची लोकर वापरावी. अस्सल लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकत्र विणल्यास धुतल्यावर चौकोन वेडावाकडा होण्याचा संभव असतो. ॲक्रिलिकला गरम इस्त्री मात्र लावू नये.

धागा पुरेल का, हे आधीच पाहता येते. एका ओळीला विणीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ते चौपट धागा लागतो. त्याहून कमी उरला, तर रंग तिथेच बदलावा. सुटी टोके विणता विणताच मागच्या बाजूला गुंतवत जावीत. दहा रंगांच्या पट्ट्यांना वीस टोके येतात आणि ती सारी शेवटी ओवत बसणे, हेच या छंदातले खरे कंटाळवाणे काम.