परवाना नेमका कशाचा?

मागच्या वेळी आपण गिल्बर्ट राईलच्या १९४९ सालच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकातला एक मुद्दा पाहिला. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. आज हाच मुद्दा आपण विमानाच्या दारात नेऊन उभा करू या. विषय आहे स्कायडायव्हिंगचा परवाना.

आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसं, उडी कधी मारलेली नाही. पण आमची एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत हा परवाना मिळवत होती आणि फोनवर सगळं सांगत होती. तिच्यामुळे आम्ही नियम वाचायला बसलो.

पर्यटक म्हणून प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन मारतात ती टँडम उडी. तिला परवाना लागत नाही, कारण तिथे सगळे निर्णय दुसऱ्याचे असतात. तिकडच्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचा पहिला, म्हणजे 'ए' परवाना मिळवायला किमान २५ उड्या लागतात. सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात. मग एकच असतो, मग तोही हात सोडतो. लेखी आणि तोंडी परीक्षा असते. ठरवलेल्या खुणेपासून २० मीटरच्या आत पाच वेळा उतरून दाखवावं लागतं. मुख्य पॅराशूट स्वतः घडी घालून भरता यावं लागतं. राखीव पॅराशूट मात्र प्रमाणित कारागीरच भरतो, आणि ते १८० दिवसांच्या आत पुन्हा तपासून भरलेलं असावं लागतं.

आता थोडं गणित. पोटावर आडवा पडणारा माणूस ताशी साधारण १२० मैल वेगाने खाली येतो. म्हणजे १,००० फूट जायला साडेपाच-सहा सेकंद. शिकाऊ माणूस ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडतो. समजा ते नीट उघडलं नाही, दोऱ्या गुंतल्या. मग काय करायचं? उजवीकडचं हँडल ओढून बिघडलेलं पॅराशूट तोडून टाकायचं आणि डावीकडचं ओढून राखीव उघडायचं. हे करायचं की नाही, ते २,५०० फुटांच्या वर ठरलंच पाहिजे.

इथे थांबून विचार करा. 'अजून जरा प्रयत्न करू, सुटेल गुंता' असं मनाला वाटणारच. वर्गात आपण प्रश्नाच्या दोन्ही बाजू तासभर तपासतो. तिथे तेवढा वेळ नाही. म्हणून विचार आधीच, जमिनीवर करून ठेवायचा. छताला टांगलेल्या पट्ट्यांत लटकून ती तेच करायची: पाहा, धर, ओढ, पाहा, धर, ओढ. हातांना सवय होईपर्यंत. म्हणजे तिथे विचार नसतो असं नाही. तो आधी झालेला असतो, आणि आता हात त्याचा शब्द पाळतात.

पण आम्हाला सगळ्यात बोलका वाटला तो वाऱ्याचा नियम. जमिनीवरचा वारा ताशी १४ मैलांपेक्षा जास्त असेल, तर शिकाऊ माणसाला उडी नाही. आमची विद्यार्थिनी एकदा दोन दिवस धावपट्टीशेजारी बसून घरी परत गेली. फार चिडली होती. पुढे परवाना मिळाला आणि त्या नियमातली मर्यादा तिच्यापुरती संपली. परवानाधारकाला नियम आकडा घालून देत नाही. पुन्हा एकदा वारा सुटला, बरोबरचे सगळे विमानात बसले, आणि ती खाली राहिली. तिने फोनवर सांगितलं, "सर, या वेळी मला कुणी अडवलं नव्हतं. म्हणून जास्त जड गेलं."

ॲरिस्टॉटलने धैर्य हे भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मधलं मानलं, आणि ते कृती करत करतच अंगी येतं असं म्हटलं. आपण धैर्य फक्त दारातून उडी घेण्यात शोधतो. मित्र वर जात असताना खाली थांबण्यातही ते आहे.

पुण्याच्या शीतल महाजन यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. फोटोत आपल्याला नऊवारी दिसते. पण वाऱ्यात फडफडणारं कापड हँडलच्या आड येऊन चालत नाही; ही काळजी जमिनीवरच घ्यावी लागते, आणि ती फोटोत येत नाही.

तेव्हा परवाना कशाचा? उडी मारण्याचा, हे उत्तर अपुरं आहे. कालपर्यंत दुसरे आपल्याला 'नको' म्हणत होते. आता ते आपलं आपल्याला म्हणावं लागणार, आणि तेवढे आपण तयार झालो आहोत, असं तो कागद सांगतो. गाडीचा असो, डॉक्टरकीचा असो, प्रत्येक परवान्याला हे लावून पाहा. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.