कासवाची चार अंडी

गेल्या श्रावणात एके रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या मंडळातील एका तरुण डॉक्टरांचा दूरध्वनी आला. मी निवृत्त बालरोगतज्ज्ञ; अवेळी फोन वाजला की कुणाचे तरी बाळ अत्यवस्थ आहे, असेच अजूनही वाटते. प्रश्न मात्र निराळाच निघाला. "सर, घरच्या कासवानं संध्याकाळी कुंड्यांमागे पाच अंडी घातलीत. क्लिनिकमध्ये जुना इन्क्युबेटर पडून आहे. किती अंशांवर ठेवू?"

मी प्रथम एवढेच विचारले, "अजून हलवली नाहीत ना?"

हा प्रश्न विचारण्याचे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. १९८४ साली आम्ही बरकतपुऱ्यात एका जुन्या घरात भाड्याने राहत होतो. आवारात घरमालकांच्या वेळेपासूनचे एक कासव होते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले, ज्याला सर्वजण स्टार कासव म्हणतात. असे कासव बाळगणे कायद्याला धरून आहे का, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही मनाला शिवला नाही. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी तिने स्वतःच्या मूत्राने माती भिजवून मऊ केली, मागच्या पायांनी खड्डा उकरला, त्यात चार अंडी घातली, माती लोटली आणि पोटाखालच्या कवचाने ती जागा अशी सारखी केली की, पाहिले नसते तर सापडली नसती.

मी तेव्हा नवजात अर्भकांच्या वॉर्डात काम करीत होतो आणि ऊब या विषयावर आपला अधिकार आहे अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी अंडी उकरून काढली. थर्मोकोलची पेटी, ओलसर वाळू, चाळीस वॅटचा दिवा, तापमापक अशी सिद्धता केली. कोंबडी अंड्यांवर बसली की ती वरचेवर फिरवते, हे ठाऊक होते. म्हणून सकाळ-संध्याकाळ राउंड घ्यावा तशा नियमाने मी चारही अंडी उलटवीत असे आणि भिंतीवरच्या तक्त्यावर नोंद करीत असे. आई म्हणाली, "अरे, तिनं बघून-सवरून जागा निवडली होती. तू कशाला मध्ये हात घालतोस?" मी हसण्यावारी नेले.

पाचव्या महिन्यात अंडी फोडून पाहिली. तिघांत काहीच नव्हते. चौथ्यात अंगठ्याच्या नखाएवढा गर्भ होता. पाठीवर कवचाची रेषा उमटू लागली होती. तक्त्यावरची एकही नोंद चुकलेली नव्हती.

चूक कोठे झाली ते पुढे वाचनातून कळले. कोंबडीच्या अंड्यात पिवळ्या बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पीळदार दोर असतात. अंडे कसेही फिरवले तरी गर्भ वरच्या बाजूला येतो. कासवाच्या अंड्यात ही सोय नाही. मादीच्या अंडनलिकेत प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडे बाहेर आले, हवा लागली की ती पुन्हा सुरू होते आणि साधारण एका दिवसात गर्भ कवचाच्या वरच्या भागाला आतून चिकटतो. बाहेरून तेथे पांढरट डाग दिसू लागतो. त्यानंतर अंडे उलटे झाले की, गर्भाच्या नाजूक आवरणांना इजा होते. म्हणजे पहिले काही तास अंडी हलवण्यास मुभा असते, पुढे नाही. मी ती मुभा संपल्यावर हात घातला आणि नंतर दिवसातून दोनदा तोच अपराध करीत राहिलो.

यात एक विनोदही दडलेला आहे. आपण अर्भकांसाठी वापरतो त्या इन्क्युबेटरचे मूळ कोंबड्यांत आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी तेथील एका प्राणिसंग्रहालयात पिले उबवण्याचे यंत्र पाहिले आणि त्या धर्तीवर १८८० च्या सुमारास अकाली जन्मलेल्या बालकांसाठी पेटी करवून घेतली. त्यांनी कोंबडीकडून फक्त ऊब उचलली. मी कोंबडीही उचलली!

पुढे २०११ च्या मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळासला गेलो. नाना फडणवीसांचे म्हणून ठाऊक असलेले हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून तेथे सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि ते वनविभाग व ग्रामस्थ यांच्या साथीने वाढले. पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी लोक अंड्यांसाठी उकरीत. त्याच गावातील माणसे आता पहाटे किनारा धुंडाळतात, मादीच्या पावलांचा माग काढतात आणि शंभराच्या आसपास अंडी काही तासांच्या आत कुंपणातील वाळूत हलवतात. खड्डा मादीने केला असता तसाच, दीडएक फूट खोल, तळाशी फुगीर, सुरईसारखा. दिवा नाही, यंत्र नाही. अंडी हाताळणाऱ्या त्या गृहस्थांचे हात मी बराच वेळ पाहत राहिलो. मुदतपूर्व बाळाला उचलणाऱ्या उत्तम परिचारिकेचे हात असेच असतात. ते सहज म्हणाले, "उलटं नाही करायचं, एवढंच."

पिल्ले पंचेचाळीस ते साठ दिवसांत निघतात. नर की मादी हे गुणसूत्रांवर नव्हे, तर वाळूच्या उष्णतेवर ठरते. एकोणतीस-तीस अंशांच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. स्टार कासवातही हेच घडते. आपल्या संतांना कासवीची दृष्टी फार प्रिय. ती नुसत्या नजरेने पिलांना पोसते, असा तो दृष्टान्त. प्रत्यक्षात ती एकदा माती सारखी करते आणि मागे वळूनही पाहत नाही.

तर त्या तरुण डॉक्टरांना मी सांगितले, आज रात्री हात लावू नका. सकाळी वनविभागाला कळवा. स्टार कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हा प्राणी पहिल्या अनुसूचीत गेला, तर २०१९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. डॉक्टर गप्प झाले. कासव नातेवाइकांनी मुलाच्या वाढदिवसाला दिलेले होते. "केस होईल का, सर?" "होऊ शकते," मी म्हटले. खोटा धीर देण्याचे वय आता राहिले नाही. "पण घरात नर नाही, मग अंडी रिकामीच असतील ना?" तेही सांगता येत नाही, मादी नराचे शुक्राणू दीर्घकाळ साठवून ठेवू शकते.

सकाळी त्यांनी स्वतः फोन केला. वनविभागाची माणसे दुपारच्या आत आली. डॉक्टरांनी तत्पूर्वी माती अलगद बाजूला करून प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने फुली केली. वाळू भरलेला डबा मांडीवर घेऊन ते स्वतः त्यांच्या गाडीत बसले आणि प्रत्येक गतिरोधकाशी चालकाला "सावकाश, भाई" म्हणत राहिले. मुलाने कासवाबरोबर जाण्याचा हट्ट धरला होता, तो मात्र कुणी मानला नाही.

डॉक्टरांवर ठपका आला, तो त्यांनी लेखी स्वीकारला. अंड्यांची चौकशी ते दर आठवड्याला करतात आणि मला कळवतात. दोन अंडी पिवळी पडून खराब झाली. उरलेल्या तिघांवर पांढरा डाग पसरला आहे. स्टार कासवाची अंडी फुटायला तीन ते पाच महिने, कधी अधिकही लागतात. हा लेख लिहून पूर्ण करीत आहे, तो एकोणनव्वदावा दिवस.