केंद्र कोणते आणि बोल कोणाचा? नभोवाणी ऐकताना शेतकऱ्याने ठेवावयाची सावधगिरी

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके होत. येथील गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली असून पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर आला म्हणजे कित्येक पाड्यांचा बाजाराशी व कचेरीशी असलेला संबंध काही काळ तुटतो. अशा दिवसांत शेतीविषयीची वार्ता घरात आणून सोडणारे साधन म्हणजे नभोवाणी. पूर्वी ती चावडीवरील पेटीतून ऐकू येई, आता ती खिशातील भ्रमणध्वनीतूनही ऐकू येते. साधन बदलले, तरी ऐकणाऱ्यापुढील दोन प्रश्न बदललेले नाहीत. पहिला, बोलणारे केंद्र कोणते? दुसरा, जे ऐकू आले तो सल्ला होता की जाहिरात?

प्रथम केंद्राच्या ओळखीचा विचार करू. प्रत्येक देशातील केंद्रांना आंतरराष्ट्रीय ठरावानुसार संकेताक्षरे दिलेली असतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील बहुतेक केंद्रांची अक्षरे ‘डब्ल्यू’ने आणि पश्चिमेकडील केंद्रांची ‘के’ने सुरू होतात, व ती अक्षरे तासातासाला श्रोत्यांना ऐकवावी लागतात. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले, तेव्हा त्यासही अशीच संकेताक्षरे होती. पुढे ‘व्हीयू’ ह्या भारताच्या अक्षरांना मुंबईचा ‘बी’ जोडून ‘व्हीयूबी’ असे त्याचे चिन्ह झाले. परंतु आपल्याकडील श्रोत्यांच्या कानी अक्षरे रुजली नाहीत, रुजले ते केंद्राचे नाव. ‘हे आकाशवाणीचे अमुक केंद्र आहे’ ही घोषणा आणि प्रातःकाळी वाजणारी, वॉल्टर कॉफमन ह्यांच्या नावे सांगितली जाणारी परिचयधून, हीच आपली संकेताक्षरे झाली. 2023 पासून इंग्रजी निवेदनातही ‘ऑल इंडिया रेडिओ’ऐवजी ‘आकाशवाणी’ हेच नाव घेतले जाते.

ही घोषणा केवळ शिष्टाचार नव्हे. मध्यम लहरी रात्री आकाशातील उंच थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. त्यामुळे सूर्यास्तानंतर मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर दूरच्या प्रांताचे केंद्रही स्पष्ट ऐकू येऊ शकते. उलट, एफ. एम. लहरी सरळ रेषेत धावतात व डोंगर आड आला की क्षीण होतात. म्हणून एका टेकडीवर ऐकू येणारे केंद्र पलीकडील खोऱ्यात ऐकू येत नाही, आणि हाती लागेल ते केंद्र ऐकण्याची सवय जडते. भ्रमणध्वनीवर तर देशातील कोणतेही केंद्र लावता येते.

आता शेतीचा सल्ला हा प्रदेशागणिक भिन्न असतो, हे ध्यानात घ्यावे. पालघर जिल्हा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शेजारचा नाशिक जिल्हा राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. मोखाड्याची शीव त्र्यंबकेश्वर तालुक्याला लागून असल्याने तेथील नागली-वरईविषयीची काही माहिती येथेही उपयोगी पडेल. परंतु देशावरच्या कमी पावसाच्या जमिनीसाठी सांगितलेली पेरणीची वेळ किंवा बियाण्याचा वाण, जव्हारच्या मुसळधार पावसात व उतारावरील वरकस जमिनीत लागू पडेलच असे नाही. एकदा राब भाजून आवण टाकले की चुकीच्या वाणाची दुरुस्ती त्या वर्षी होत नाही. म्हणून सल्ला ऐकण्यापूर्वी केंद्राचे नाव ऐकावे.

दुसरा प्रश्न जाहिरातीचा. नभोवाणीवरील पैसे देऊन केलेली जाहिरात प्रथम 1922 साली न्यूयॉर्कच्या एका केंद्रावरून झाली, असे सामान्यतः मानले जाते. ती घरे विकण्यासाठी होती व सुमारे दहा मिनिटे चालली. आपल्याकडे विविध भारतीचा प्रारंभ 3 ऑक्टोबर 1957 रोजी झाला, आणि तिच्यावर मुंबई, पुणे व नागपूर येथून 1 नोव्हेंबर 1967 पासून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. जाहिरातीत स्वतः काही वाईट नाही. तिच्या उत्पन्नातून केंद्राचा खर्च भागतो. 2006 च्या धोरणाने कृषिविज्ञान केंद्रांना व सेवाभावी संस्थांना सामुदायिक केंद्रे काढण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांना तासाला पाच मिनिटे जाहिरातीस दिली होती. 2024 च्या सुधारित नियमांत ती मर्यादा बारा मिनिटे करण्यात आली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे 2008 पासूनचे अशाच सामुदायिक केंद्राचे उदाहरण होय.

जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे, असा आकाशवाणीच्या जाहिरातविषयक संहितेचा दंडक आहे. तथापि जाहिरात पुष्कळदा दोन शेतकऱ्यांच्या संवादाच्या रूपाने येते. एक जण पीक गेल्याचे दुःख सांगतो, दुसरा ‘दादा, हे औषध मारा’ म्हणतो, आणि कामात गुंतलेल्या श्रोत्याला तो तज्ज्ञाचाच सल्ला वाटतो.

ह्यातून नुकसान कसे होते ते पाहा. समजा, ऑगस्टात भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेने तपकिरी ठिपके दिसू लागले. ही करपा रोगाची खूण होय, आणि करपा बुरशीमुळे होतो. त्याच संध्याकाळी ‘भात वाचविणाऱ्या’ औषधाची जाहिरात शेतकऱ्याने ऐकली. ते औषध खोडकिड्यावरचे, म्हणजे कीटकनाशक आहे. उसने पैसे काढून त्याने ते फवारले. औषध खरे होते, जाहिरातही खोटी नव्हती. पण बुरशीवर कीटकनाशकाचा इलाज चालत नाही. पैसा गेला, आठवडा गेला, आणि तेवढ्या काळात रोग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या खाचरात गेला. ज्या घराचे वर्षाचे धान्य त्या एका खाचरावर अवलंबून आहे, त्या घराला ही चूक दिवाळीपूर्वीच वीटभट्टीची वाट दाखविते.

ह्यावर उपाय जुनाच आहे. 1956 साली पुणे केंद्रावरून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत, आणि न कळलेले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. प्रयोगाचे यश पाहून 1959 पासून ही योजना देशभर पसरली. एकट्याने ऐकलेली गोष्ट चुकीची कळण्याचा संभव अधिक; दहा जणांनी ऐकून चर्चिलेली गोष्ट पारखली जाते, हा त्या प्रयोगाचा धडा आजही खरा आहे.

ग्रामसेवक व कृषिसहाय्यकांनी पाड्यावर असा लहानसा गट जमवावा आणि पुढील गोष्टी वहीत टिपण्याची सवय लावावी:

1. केंद्राचे नाव, तारीख व वेळ.
2. बोलणाऱ्याचे नाव व तो कोणत्या संस्थेचा.
3. सल्ला कोणत्या प्रदेशासाठी व कोणत्या पिकासाठी दिला.
4. मालाचे व्यापारी नाव घेतले गेले काय? घेतले असल्यास ती जाहिरात समजून चालावे.
5. रोग की कीड, ह्याची ओळख आपल्या शेतात प्रत्यक्ष पटली काय?

पाचवे उत्तर मिळेपर्यंत औषध विकत घेऊ नये. रोगट पान घेऊन कृषिसहाय्यकास दाखवावे, कोसबाड येथील कृषिविज्ञान केंद्रास विचारावे, किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 ह्या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून चौकशी करावी. औषध घेतलेच तर डब्यावरील त्रिकोण पाहावा. तांबडा रंग अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा, असा त्याचा क्रम असतो.

नभोवाणी ही शेतकऱ्याची चांगली सोबतीण आहे. तथापि तिच्या तोंडून अनेक जण बोलतात. कोण बोलत आहे हे ओळखून जो ऐकतो, त्याच्याच शेतात तिचा शब्द पिकतो.