स्कॅन झालं म्हणजे पुस्तक सापडलं असं नाही!

राम गणेश गडकरींनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावानं आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावानं. डिजिटल ग्रंथालयात ही तिन्ही नावं एकमेकांशी जोडलेली नसतील, तर वाचकाला अर्धेच गडकरी मिळतात. ही जोडणी करणं हे ग्रंथपालाचं काम.

इंटरनेट अर्काइव्हवर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पातली हजारो मराठी पुस्तकं आहेत. केवढा ठेवा! पण अनेकांची नावं रोमन लिपीत, तीही चुकीच्या स्पेलिंगनं नोंदलेली. देवनागरीत शोधलं की हाती काही लागत नाही. त्यात जुनी, पुसट छपाई असेल तर मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ करून ठेवतं. तिथे जाणत्या माणसाची नजरच हवी.

शिवाय हक्कांचं भान हवं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचं मृत्यूवर्षही शोधावं लागतं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं वाचकाचा वेळ वाचवण्याचं सूत्र मला आज सर्वांत मोलाचं वाटतं. कपाटं गेली तरी ग्रंथपाल हवाच, किंबहुना जास्तच हवा.

तुम्हालाही हातभार लावता येईल. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेल्या पानांशी मजकूर ताडून पाहणारे स्वयंसेवक हवे असतात. रोज एक पान तपासलंत तरी चालेल, पण सुरुवात नक्की करा.